विश्वाचं मूळ गाव

शालनताई रणदिव्यांना कुणी नुसतं नाव सांगून भागत नसे. तुम्ही म्हणालात, "मी साठे," की पुढचा प्रश्न तयार. "कुठले साठे?" बदलापूरचे म्हणालात, तर, "ते झालं आत्ताचं. त्याआधी?" डोंबिवली. "त्याआधी?" गिरगाव. "आणि त्याआधी?" माणूस घामाघूम होऊन कोकणातल्या नाहीतर देशावरच्या कुठल्याशा गावात पोचला, कुलदैवताचं नाव सांगून मोकळा झाला, की ताईंचा जीव भांड्यात पडायचा. मगच पाहुण्याला चहा.

आगाऊपणा होता का? होताच. पण धंदा होता. धंदा म्हणजे, पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. एक साडी आणि पंगतीत पहिल्या रांगेतली जागा, एवढ्यावर त्यांनी बदलापूर-अंबरनाथमधली निम्मी घरं एकमेकांना जोडून दिली. कुणाचे केस स्वतःचे, कुणाचा पगार स्वतःचा आणि कुणाचा फ्लॅट सासऱ्याचा, हे त्यांना नगरपालिकेपेक्षा जास्त ठाऊक. नियम दोनच : मूळ गाव सापडल्याशिवाय स्थळ सुचवायचं नाही, आणि जे आपल्याला समजलं नाही त्याबद्दल दुसऱ्याला शब्द द्यायचा नाही.

मग फोनमध्ये लग्नं जुळवणारी ॲप आली. मुलं-मुली परस्पर एकमेकांना शोधू लागली आणि ताईंना फक्त पत्रिका येऊ लागल्या, त्याही व्हॉट्सॲपवर. बदलापुरात कात्रपच्या भाजीबाजारात एक भाजीवाली म्हणालीसुद्धा, "शालनताई आता रिटायर झाल्या." ताईंनी ते ऐकलं, हातातली गवार जरा जास्तच जोरात मोडून पाहिली आणि न घेताच पुढे गेल्या. तो शब्द मात्र घरी आला. रात्री ताटाशी बसला, सकाळी पूजेला बसला.

अशात वृंदाचा फोन आला. वृंदा बँकेतून निवृत्त झालेली, बदलापूर पश्चिमेला राहणारी. हॉलमध्ये शिरल्याबरोबर सोफा दिसायच्या आधी सहा पिढ्यांची वंशावळ दिसावी अशी फ्रेम करून लावलेली. मूळ वाईजवळचे, म्हणजे चहाला केव्हाच पात्र.

"शालनताई, आमच्या शौनकचं काही जमेना हो. ॲपवर मुली विचारतात, काय करतोस. हा सांगतो. की पुढे मेसेज येतच नाही."

"का? करतो काय असं?"

वृंदाने आवाज खाली आणला. "विश्वाची सुरुवात कशी झाली, ते."

"आणि ऑफिसात?"

"अहो, ऑफिसातच! पुण्याच्या संशोधन संस्थेत. पगार आहे."

ताईंच्या मनात स्थळ लगेच हजर झालं, हेही खरं. अंबरनाथच्या हेमचंद्र कल्याणकरांची राजसी. पाण्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी, हुशार, नाकासमोर बघणारी, पण त्या नाकावर राग ठेवलेला. मात्र हेमचंद्र हा माणूस अवघड. केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर म्हणून जन्म काढलेला. कुठे टाकी फुटली, वाफ सुटली की हा पोचायचा आणि ठिणगी नेमकी कुठून उडाली ते हुडकून काढल्याशिवाय जेवायचा नाही. त्याला 'मुलगा विश्वावर काम करतो' एवढं सांगून चालणार नव्हतं. आणि फिसकटलं असतं तर भाजीबाजाराने ताईंना निरोपाचा नारळच दिला असता.

म्हणजे आधी आपल्याला समजलं पाहिजे. ताई मुलगा बघायच्या त्या खरेदीला नेऊन. घरात सगळेच सज्जन असतात; दुकानात उभं केलं की घासाघीस, चिडचिड, पिशवी कोण उचलतो, सगळं बाहेर पडतं. शौनक सुट्टीला आला तसा त्यांनी त्याला बरोबर घेतला आणि उल्हासनगर कॅम्प दोनला नेला. ब्लाउजचे हुक आणि इलॅस्टिक घ्यायचं होतं. ते बदलापुरातही मिळतं, पण मग पिशवी कशी उचलायला लावणार?

प्रीतमचं दुकान बोळासारखं अरुंद. दोन्ही भिंतींना बटणं, चेन, बक्कल, इलॅस्टिकची रिळं. जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांचा माल इथून जातो. काउंटरवर प्रीतम स्वतः, कानात फोन, हातात कात्री.

"हं, सांग आता," ताई स्टुलावर टेकल्या. "हे तुझं विश्व. आत्ता किती वर्षांचं?"

"तेराशे ऐंशी कोटी."

"बरं. आणि मूळ कुठलं?"

शौनक उंच, सडपातळ, चष्म्याआड सतत कसलं तरी आश्चर्य वाटणारा मुलगा. तो गोंधळला. "म्हणजे?"

"म्हणजे, सुरू कुठून झालं? काही तरी जागा असेल ना? टीव्हीवर दाखवतात, काळ्याकुट्ट अंधारात एक ठिपका असतो, तो फुटतो आणि सगळं बाहेर उधळतं. तो ठिपका कुठे होता?"

"मावशी, ते चित्रच चुकीचं आहे," शौनक एकदम खुलला. "आधी अंधार होता आणि त्यात ठिपका होता, असं नाही. अंधारसुद्धा त्या ठिपक्यातच होता. जागाच तिथून सुरू झाली." त्याने काउंटरवरचं रुंद पांढरं इलॅस्टिक उचललं, ताईंच्या पुड्यातले हुक काढून त्यावर थोड्या थोड्या अंतराने अडकवले आणि दोन्ही टोकांना धरून ताणलं. "बघा. यातला कुठलाही हुक तुम्ही आहात असं समजा. बाकीचे काय करताहेत?"

"लांब जाताहेत."

"आता दुसरा हुक व्हा."

ताईंनी डोळे बारीक केले. "त्यालाही वाटणार की बाकीचे त्याच्यापासूनच लांब जाताहेत."

"प्रत्येकालाच वाटतं. हुक कुठेच पळत नाहीत, मधलं इलॅस्टिक ताणतंय. आणि आता उलटं न्या." त्याने हात सैल सोडले. हुक एकमेकांवर आले. "मागे मागे गेलं की सगळेच जवळ. मग सुरुवात कुठल्या हुकापाशी झाली?"

"सगळ्यांपाशीच," ताई म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःच्याच बोलण्याचं नवल वाटलं.

"अरे भाई, खींचो मत! ढीला पड़ जाएगा," प्रीतमने फोनमधून तोंड बाहेर काढलं. "लेना है तो लो, नहीं तो रखो. मावशी, ये किसको लाया तुम?"

"दामाद है किसी का. अभी पता नहीं किसका," ताई म्हणाल्या. "काट दो, दो मीटर."

रिक्षाची वाट बघताना ताईंनी दुसरा प्रश्न काढला. तो त्यांचा हातखंडा. "आणि त्याआधी?"

"तिथे गंमत आहे," शौनक म्हणाला. पिशवी त्याच्या खांद्यावर होती, न सांगता घेतलेली; ताईंनी मनात नोंद केली. "बारवी धरणावर थंडीत सकाळी धुकं असतं ना? दिवा लावला तरी उजेड तिथल्या तिथे अडखळतो. विश्वाची पहिली पावणेचार लाख वर्षं तशीच होती. इतकं तापलेलं की उजेडाला सरळ चालताच येईना. मग थंड झालं, धुकं विरलं आणि उजेड सुटला. तो उजेड अजून प्रवासात आहे. आम्ही दुर्बिणीने तो पकडतो. जुन्या टीव्हीवर चॅनल नसताना मुंग्या यायच्या ना, त्यातल्या थोड्या त्या उजेडाच्या असायच्या."

"अगंबाई! आणि मी त्या टीव्हीवर हात आपटायचे." ताई ओशाळल्या. जन्मभर एवढ्या जुन्या पाहुण्याला चापट मारत होतो, हे काही बरं झालं नाही. "म्हणजे धुक्याच्या अलीकडचं सगळं दिसतं. पलीकडचं?"

"दिसत नाही, पण चव लागते. आमटी चाखून तुम्हाला कळतं ना, गूळ आधी पडला की मागून? तसं विश्वात हेलियम किती आहे ते मोजून पहिल्या काही मिनिटांत काय शिजलं ते सांगता येतं. त्याच्याही आधी, डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आत, सगळं एकदम प्रचंड फुगलं असावं, असा आमचा हिशेब आहे. त्या वेळी जी बारीक थरथर होती, तिच्याच पुढे आकाशगंगा झाल्या."

"आणि त्याच्याही आधी?"

शौनकने दोन्ही हात पसरले. "माहीत नाही."

"म्हणजे तुला माहीत नाही, की कुणालाच?"

"कुणालाच. काहीजण म्हणतात, आधी एक विश्व होतं, ते आकसत गेलं आणि चेंडूसारखं उसळलं. काहीजण म्हणतात, अशी विश्वं बुडबुड्यांसारखी सतत उठत असतात, आपलं त्यातलं एक. काही म्हणतात, 'आधी' हा प्रश्नच उरत नाही. चंदेरी किल्ल्याच्या सुळक्यावर पोचल्यावर कुणी विचारलं, 'इथून वर जायची वाट कुठली?' तसं."

"आणि तू काय म्हणतोस?"

"मी रोज बदलतो," तो म्हणाला, आणि इतका मनापासून हसला की ताईंनाही हसू आलं. पण हेमचंद्र डोळ्यांपुढे होताच. वाईट सवयी, कर्ज, आधीचं लफडं, सगळ्याला तोंड देता येतं. 'माहीत नाही'चं काय करायचं?

रविवारी मंडळी अंबरनाथला हेमचंद्रच्या घरी जमली. राजसीच्या आईने, श्रद्धाने, कोथिंबीर वड्या केल्या होत्या. पोहे करायला राजसीने साफ नकार दिला होता. ती स्वतः कोपऱ्यातल्या खुर्चीत, हातात पाण्याची बाटली घेऊन, बघायला आलेल्यांनाच बघत बसली होती.

हेमचंद्रने फार वेळ घेतला नाही. "शालनताई म्हणाल्या, तुम्ही महास्फोटावर काम करता. माझाही तोच विषय होता म्हणा ना. स्फोट म्हटला की तीन गोष्टी लागतात. ठिकाण, इंधन आणि ठिणगी. तुमच्या केसमध्ये ठिकाण कुठलं?"

"काका, तो स्फोटच नव्हता. नाव चुकीचं पडलंय. ते पसरणं होतं."

"आमच्याकडेही मॅनेजर हेच म्हणायचे. 'स्फोट नाही झाला, प्रेशर रिलीज झालं.' मी जाऊन छप्पर बघायचो, ते शेजारच्या प्लॉटवर. ठिकाण सांगा."

वृंदाने पदर सारखा केला. शौनकने तोंड उघडलं. पण ताईंना राहवलं नाही. त्यांनी पर्समधून हुक अडकवलेलं इलॅस्टिक बाहेर काढलं. "थांब रे शौनक, मी सांगते. हेमचंद्र, हे टोक धर. घट्ट. आता यातला एक हुक म्हणजे तू."

हेमचंद्रने धरलं. ताईंनी ताणलं. उत्साहात जरा जास्तच ताणलं. प्रीतम म्हणाला होता ते खरं निघालं. माल एकदा ताणून सैल झालेला. ताईंच्या बोटातून टोक सुटलं, सण्णकन जाऊन हेमचंद्रच्या मनगटावर बसलं, आणि एक हुक वड्यांच्या ताटलीत पडला.

"ठिकाण सापडलं," राजसी म्हणाली.

श्रद्धा तोंडाला पदर लावून आत पळाली. हेमचंद्र मात्र हसला नाही. मनगट चोळत म्हणाला, "बरं, ठिकाण सोडा. त्याआधी काय होतं?"

"माहीत नाही, काका."

"माहीत नाही?" हेमचंद्र खुर्चीत मागे रेलला. चौकशीत पकडलेल्या सुपरवायझरकडे बघावं तसं त्याने बघितलं. "अहो, मी रिपोर्टात 'माहीत नाही' लिहिलं असतं तर मला घरी बसवलं असतं. शालनताई, मुलगा चांगला आहे. पण ज्याला सुरुवातच माहीत नाही, त्या कामावर माणूस जन्म काढणार, आणि त्याच्या जिवावर माझी मुलगी? ज्याचं मूळच कळत नाही, त्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

हे वाक्य त्याने म्हणायला नको होतं. निदान ताईंसमोर तरी. भाजीबाजारात मोडलेली ती गवार, तो 'रिटायर' शब्द, सगळं ताईंच्या जिभेवर एकदम गोळा झालं.

"मूळ कळत नाही म्हणून विश्वास नाही? मग हेमचंद्र, तुझं लग्न मी कसं जमवलं रे?"

"ताई..."

"तुझ्या आजोबांच्या आधीचं काय माहीत होतं? दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी लष्कराच्या कल्याणच्या छावणीत पाणी भरायला आलेलं पोर. जिथे आता उल्हासनगर आहे तिथे. कुठला रे तू, विचारलं तर म्हणायचं, 'इथलाच.' नाव नव्हतं, आडनाव नव्हतं. साहेबाने कल्याणकर लिहून घेतलं. मी श्रद्धाच्या वडिलांना सरळ सांगितलं, आजोबांच्या आधीचं मला माहीत नाही. त्यांच्यापासून पुढचं सगळं माहीत आहे, ते सोन्यासारखं आहे. आयुष्यात एकदाच गाव न सापडता स्थळ सुचवलं, ते तुझं!"

श्रद्धा स्वयंपाकघराच्या दारात उभी, पदर तोंडावरून खाली आलेला. तिला हे माहीत होतं. ज्यांना माहीत नव्हतं त्यातली पहिली राजसी.

"बाबा," ती सावकाश म्हणाली, "मग आपण दरवर्षी चिपळूणला कुणाच्या देवाला जातो?"

हेमचंद्रचं तोंड उतरलं. "कुणाच्या म्हणजे... चांगलं देऊळ आहे. मला आवडलं. सगळे विचारायचे, मूळ गाव कुठलं. म्हणून एक धरून ठेवलं."

ताईंना तेव्हा कळलं आपण काय केलं ते. समोर वृंदा बसली होती. सहा पिढ्या, फ्रेम, काच. तिने पर्स मांडीवर घेतली. स्थळ मुलीच्या बापाने मोडायचं होतं, ते आता मुलाच्या आईकडून मोडणार होतं, आणि मोडायचं हत्यार ताईंनी स्वतः धार लावून दिलं होतं. बाजारात उद्या काय बोलतील हे त्यांना ऐकूच येऊ लागलं. त्याहून वाईट म्हणजे हेमचंद्रची मान खाली होती, आणि ती मान त्यांनी अंतरपाटासमोर ताठ उभी असलेली पाहिली होती.

"काका," शौनक पुढे सरकला. "आजोबा नक्की 'इथलाच' म्हणायचे?"

"हो," हेमचंद्र जमिनीकडे बघत म्हणाला. "मरेपर्यंत तेच. आम्ही चिडायचो."

"काय माणूस असेल!" शौनकचा चेहरा असा उजळला की जणू कुणी त्याला नवी दुर्बीण दिली. "आई, अगं, हेच तर मी पाच वर्षं लोकांना सांगतोय आणि कुणाला पटत नाही. सुरुवात लांब कुठेतरी झाली नाही. ती इथेच झाली. छावणीतही झाली, वाईतही झाली, या वड्यांच्या ताटलीतही झाली. विश्वाला कुणी मूळ गाव विचारलं तर तेही हेच सांगेल. काका, त्यांच्याबद्दल आणखी काय आठवतं तुम्हाला? बोलायचे कसे? शब्द कुठले वापरायचे? पदार्थ कुठला मागायचे? चवीवरून पुष्कळ कळतं."

हेमचंद्रने मान वर केली. त्याला आयुष्यात हा प्रश्न कुणी या सुरात विचारला नव्हता. "तांदळाच्या भाकरीबरोबर," तो आठवत आठवत म्हणाला, "सुकटीची चटणी मागायचे. आणि विहिरीला... काहीतरी वेगळंच म्हणायचे. थांबा. आठवेल."

"वृंदाताई," श्रद्धा दारातून म्हणाली. आवाज शांत होता. "मला हे बोहल्यावर चढायच्या आधी माहीत होतं. मी विचार करून हो म्हटलं होतं. तुम्हीही करा. घाई नाही."

वृंदाने पर्सची चेन उघडली, बंद केली. मुलाकडे बघितलं. तो कुणाच्या तरी आजोबांची विहीर शोधण्यात इतका गुंगला होता की आपण स्वतःचं लग्न ठरवायला आलोय याचा त्याला पत्ता नव्हता. ॲपवर कुठल्याच मुलीने हे बघितलं नसणार.

"आमच्या फ्रेममध्येसुद्धा," वृंदा शेवटी म्हणाली, "सगळ्यात वरच्या माणसाच्या वडिलांचं नाव नाही. जागा नव्हती असं आम्ही सांगतो."

मग राजसी उठली. "तुम्ही सगळे जरा आत जाता का? मला याच्याशी बोलायचंय. बाबा, तुम्हीसुद्धा. विहीर आत आठवा."

चार मोठी माणसं त्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात कोंबली गेली. बसायला एकच पाट, तो वृंदाला दिला. ताई दाराशी, कान बाहेर. कितीही पश्चात्ताप झालेला असला तरी कान ते कानच. बाहेरून राजसीचे प्रश्न ऐकू येत होते, एकामागून एक, बापासारखेच खडे : हेलियम मोजतात कसं, नमुना कुठून घेतात, चूक किती येते. आणि शौनक प्रत्येक दोन उत्तरांनंतर एकदा, न लाजता, "ते नाही माहीत" म्हणत होता. तिसऱ्या का चौथ्या वेळेला ती हसली. नाकावरचा राग खाली उतरला की माणूस कसं हसतं, ते हसू ताईंच्या ओळखीचं होतं. त्यांनी श्रद्धाच्या हाताला चिमटा काढला.

"ऐकलंस?"

"आई," बाहेरून राजसीची हाक आली, "भात जास्त टाक. ही मंडळी जेवून जातील."

बघायला आलेली माणसं जेवायला थांबली की काय समजायचं असतं, हे अंबरनाथला सांगावं लागत नाही. हेमचंद्रने डोळे पुसले आणि सुकटीचा डबा कुठे आहे म्हणून फडताळ उघडलं. ताईंना त्याच्याशी काही बोलायचं होतं. त्या म्हणाल्या, "हेमचंद्र, मी तोंड आवरायला हवं होतं."

"तुम्ही?" तो म्हणाला. "जमेल का?"

कुकर गॅसवर चढायच्या आत ताई गॅलरीत जाऊन फोनवर होत्या. पहिला फोन कात्रपच्या त्या भाजीवालीला. संध्याकाळी रिक्षाने त्या बदलापूरला पोचल्या तेव्हा हे लग्न कसं जमलं याच्या तीन हकिकती बाजारात फिरत होत्या. एकीत इलॅस्टिक होतं, एकीत चिपळूणच्या देवाचा कौल होता, आणि एकीत शालनताईंनी मुलाला पुण्याहून स्वतः हुडकून आणला होता. कोथिंबीर निवडत त्यांनी तिन्ही शांतपणे ऐकून घेतल्या. त्यातल्या दोन त्यांनीच सोडल्या होत्या. तिसरी कुठून आली ते मात्र, देवाशपथ, त्यांनाही माहीत नव्हतं, आणि बाजार संपेपर्यंत त्या एकेकाला धरून विचारत होत्या, "तुला हे कुणी सांगितलं? बरं, आणि त्याला?"